मेहुणा यादीत नाही

कुठल्याही लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. सुरुवातीची पानं गुळगुळीत असतात. अध्यक्षांचं पत्र, हिरवी झाडं, हेल्मेट घालून हसणारे कर्मचारी. ती सगळी सोडा आणि शेवटाकडे जा, जिथे अक्षरं बारीक होत जातात. तिथे हिशेबांच्या टिपांमध्ये कुठेतरी एक तक्ता दडलेला असतो: 'संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार'. म्हणजे कंपनीने आपल्याच माणसांशी केलेली देवघेव. संचालकाच्या पत्नीच्या जागेचं भाडं, प्रमोटरच्या दुसऱ्या कंपनीला दिलेलं कर्ज, मुलाचा पगार.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. ताळेबंद वाचायला मला कुणी शिकवलेलं नाही, पण हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो ओळखीचा वाटला. कोणता कोड कोणत्या कोडवर अवलंबून आहे याचा नकाशा आम्ही काढतो, कारण न दिसणारं अवलंबित्व रात्री दोन वाजता सिस्टीम पाडतं. हा तसाच पैशांचा नकाशा. तो छापायची सक्ती कधी आणि का आली, हे शोधत मी मागे मागे गेलो आणि थेट ताडदेवला पोचलो.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवची तिची गिरणी सुरू झाली. मुंबईची ही पहिली कापड गिरणी. तिच्या मागोमाग आलेल्या बहुतेक गिरण्यांची रचना एकाच साच्यातली होती. कागदावर कंपनी भागधारकांची, देखरेखीला संचालक मंडळ, पण प्रत्यक्ष कारभार एका वेगळ्या पेढीकडे. या पेढीला म्हणायचे मॅनेजिंग एजंट. पेढी असायची गिरणी काढणाऱ्या शेठच्या घरची. म्हणजे शेठने लोकांकडून भांडवल गोळा करून कंपनी काढायची, आणि त्या कंपनीने कारभार चालवायचं कंत्राट शेठच्याच पेढीला द्यायचं, तेही कित्येक वर्षांचं. कराराच्या दोन्ही बाजूंना घर एकच.

मोबदल्याची रीत तर ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीच्या काळात अनेक गिरण्यांत एजंटला दलाली मिळायची ती उत्पादनावर: दर पौंडामागे पाव आणा. नफ्यावर नाही, विक्रीवरही नाही. माल गोदामात पडून राहिला तरी पाव आणा एजंटच्या खिशात. बाजार मंद असताना गिरणीने उत्पादन कमी करायला हवं, पण ते ठरवणार कोण? ज्याला प्रत्येक पौंडामागे पैसे मिळतात तो. शिवाय कापूस घेताना, यंत्रं मागवताना, तयार माल विकताना मध्ये एजंटच्याच घरची आणखी एखादी पेढी असू शकायची, आणि तिथेही दलाली. आमच्या धंद्यात कोडच्या ओळी मोजून पगार देण्याची कल्पना हास्यास्पद ठरून जमाना झाला. ही तीच कल्पना, सुताच्या वजनावर बेतलेली.

यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की यातली मुख्य गोष्ट मुळी गुप्त नव्हतीच. एजन्सीचा करार कंपनीच्या कागदपत्रांत असायचा. पाव आण्याचा दर बाजारात सगळ्यांना ठाऊक होता. शेअर घेणारा ते माहीत असूनच घ्यायचा, कारण शेठच्या नावाशिवाय भांडवल उभं राहत नव्हतं आणि बँका कर्जासाठी एजंटची सही मागायच्या. न पटणाऱ्या भागधारकाने करायचं काय? करार वीस-तीस वर्षांचा आणि सभेत मतं शेठची. सगळं उघड होतं, आणि त्या उघडपणाचा उपयोग शून्य.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. तोवर एजन्सीची पद्धत जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या बोलण्यात कंपनी हा शब्द कधी आलाच नाही. गिरणी आणि शेठ, एवढेच दोन शब्द. "गिरणी बुडाली, शेठ कुठे बुडाला?" असं ते सहज म्हणायचे, पाऊस पडतोय म्हटल्यासारखं. पगारवाढ मागितली की गिरणी तोट्यात आहे हे उत्तर ठरलेलं. तोटा कुणाच्या वहीत आणि फायदा कुणाच्या, हा प्रश्न कामगाराने विचारायचा कुणाला? भागधारकाला निदान कागद बघायचा हक्क होता.

जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये स्वदेशी मिल काढताना पौंडावरची दलाली सोडून नफ्याशी जोडलेली दलाली घेतली. ही सुधारणाच होती, पण एका माणसाच्या मर्जीने झालेली. कायद्याला तिथवर यायला पन्नास वर्षं लागली. १९३६ च्या दुरुस्तीने एजंटचा करार वीस वर्षांपुरता मर्यादित केला, मोबदला निव्वळ नफ्याशी बांधला आणि कंपनीच्या तिजोरीतून एजंटला कर्ज द्यायला बंदी घातली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये सी. एच. भाभा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालातून पुढे आला १९५६ चा कंपनी कायदा. एकूण ६५८ कलमं. हे विधेयक संसदेत मार्गी लावणारे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे म्हणून चिंतामणराव आपल्याला पाठ असतात. त्या राजीनाम्याच्या जेमतेम चार महिने आधी, १ एप्रिल १९५६ ला, हा कायदा लागू झाला होता, हे मला तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात भेटलं नव्हतं.

त्यातली २९९ ते ३०१ ही तीन कलमं मी दोनदा वाचली. कंपनीच्या एखाद्या करारात संचालकाचा स्वतःचा हितसंबंध असेल तर त्याने तो मंडळापुढे सांगायचा. मग त्या विषयावरच्या चर्चेत भाग घ्यायचा नाही, मतही द्यायचं नाही. आणि अशा करारांची एक नोंदवही ठेवायची, जी कुठल्याही भागधारकाला कंपनीच्या कार्यालयात जाऊन पाहता येईल. आम्ही कोड लिहितो तेव्हा स्वतःचा कोड स्वतः मंजूर करायचं बटण बंद असतं. दुसऱ्या कुणीतरी पाहिल्याशिवाय तो पुढे जात नाही. कलम ३०० म्हणजे नेमकं तेच. मॅनेजिंग एजन्सी मात्र लगेच गेली नाही. ती संपली ३ एप्रिल १९७० ला.

आता खरी गंमत. हितसंबंध सांगायचा म्हणजे 'आपलं माणूस' कोण हे आधी ठरवायला हवं, आणि ते कायद्याच्या भाषेत ठरवायला हवं. १९५६ च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत पुढे २२ नाती होती. आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, दोन्हीकडचे आजी-आजोबा, नातवंडं आणि त्यांचे नवरे-बायका, भाऊ, भावजय, बहीण, बहिणीचा नवरा. नवरा-बायको आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य वेगळ्या कलमाने आधीच आत. नातसून यादीत आहे, पण मामा नाही. चुलता, आत्या, मावशी नाहीत. बहिणीचा नवरा आहे, बायकोचा भाऊ नाही. मराठीत दोघेही मेहुणेच, पण कायद्याने एक घेतला आणि एक सोडला.

आपल्याकडे या सगळ्या प्रकाराला एक नेमका शब्द आहे: साटेलोटे. आज तो भ्रष्टाचाराच्या बातमीत येतो, पण मुळात ती लग्नाची रीत. ज्या घरात बहीण द्यायची त्याच घरातली मुलगी करून आणायची. अशा लग्नात मेहुणा दोन्ही अर्थांनी मेहुणा असतो. बहिणीचा नवराही तोच आणि बायकोचा भाऊही तोच. २०१३ च्या नव्या कायद्याखालच्या नियमांनी २२ ची यादी छाटून आठवर आणली: वडील, आई, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. छाटणीत बहिणीचा नवराही गेला. म्हणजे खासगी कंपनीचे शेअर बहिणीच्या नावावर असतील तर ती कंपनी व्याख्येत सापडते. तेच शेअर एकट्या दाजींच्या नावावर असतील, तर या यादीतून निसटते. ज्या भाषेने या व्यवहाराला लग्नाचं नाव दिलं, तिला हे कायदा करणाऱ्यांपेक्षा आधी कळलं होतं असं मला वाटतं. (यादी छोटी करण्यामागे अनुपालन सोपं करण्याचा हेतू असेल. नातसुनेच्या व्यवहारांचा माग काढत बसायचं कंपनी सेक्रेटरीच्या जिवावर येत असणार, हे मान्य.)

पण यादी लांब असली म्हणजे काम होतं का? वार्षिक अहवालातला तक्ता ज्यामुळे सक्तीचा झाला ते हिशेबाचं मानक, एएस १८, आपल्याकडे लागू झालं १ एप्रिल २००१ पासून. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत एन्रॉन बुडाली. हो, दाभोळवाली एन्रॉन. तिच्या २००० सालच्या अहवालात संबंधित पक्षांची टीप होती. कंपनीचा 'एक वरिष्ठ अधिकारी' ज्यांचा कारभार पाहतो अशा भागीदाऱ्यांशी व्यवहार झाले, असं तिथे छापलं होतं. तो अधिकारी म्हणजे खुद्द कंपनीचा वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टाव. टिपेत नाव नाही, आणि वाक्यं अशी की शहाण्या विश्लेषकांनाही उलगडू नयेत. छापलं होतं, पण कळत नव्हतं.

याच्या बरोबर उलटी गोष्ट सात वर्षांनी हैदराबादला घडली. १६ डिसेंबर २००८. सत्यम कॉम्प्युटर्सच्या संचालक मंडळाने ठरवलं की मेटास प्रॉपर्टीज पूर्ण आणि मेटास इन्फ्राचे ५१ टक्के शेअर विकत घ्यायचे, एकूण १६० कोटी डॉलरना. सॉफ्टवेअर कंपनी बांधकामात कशाला? मेटास हे नाव रोमन लिपीत उलटं वाचलं की सत्यम होतं. दोन्ही मेटास अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्या कंपन्या, कारभार मुलांकडे. सत्यममध्ये राजूंचा वाटा दहा टक्क्यांच्या आत, आणि पैसा उरलेल्या भागधारकांचा. मंडळात हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते, पेंटियम चिपशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते विनोद धाम होते. मंडळाने मंजुरी दिली आणि निर्णय जाहीर केला. नातं कुणी लपवलं नाही. ते नावातच होतं.

भारतात रात्र आणि न्यूयॉर्कमध्ये दिवस. तिथे सत्यमचा भाव काही तासांत निम्म्याहून खाली गेला. मोठ्या गुंतवणूकदारांचा संताप असा की सकाळ व्हायच्या आत व्यवहार रद्द. पाव आण्याच्या दलालीला जे कित्येक दशकं जमलं नाही, ते इथे एका रात्रीत झालं. फरक कायद्यात फार नव्हता, वाचणाऱ्यात होता. सत्यमच्या भागधारकाला आकडा कळत होता आणि त्याच मिनिटाला शेअर विकून निघून जाता येत होतं. गिरणीच्या भागधारकाला फक्त कळत होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ७ जानेवारी २००९ ला राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की वहीत दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड अस्तित्वातच नाही. मेटासचा व्यवहार म्हणजे ती खोटी रोकड खऱ्या जमिनींनी भरून काढायचा शेवटचा प्रयत्न होता. म्हणजे जाहीर झालेल्या व्यवहाराच्या पोटात न जाहीर केलेलं खोटं होतं, आणि उघड भाग अडला म्हणून झाकलेला बाहेर आला. ऑडिटरांनी बँकेतली शिल्लक नीट पडताळली असती तर ते कितीतरी आधी आलं असतं. पन्नास हजारांच्या आसपास नोकऱ्या टांगणीला लागल्या. एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली. पुण्यात माझ्या पहिल्या टीममधले एक सीनियर त्या काळात सत्यममध्ये होते. ७ जानेवारीला दुपारी क्लायंटला काय सांगायचं यावर कॉन्फरन्स रूममध्ये दोन तास कुणी बोललंच नाही, एवढंच ते सांगायचे.

२०१३ च्या कायद्याने आणि त्यानंतरच्या सेबीच्या नियमांनी मग भागधारकालाही ते मंजुरीचं बटण दिलं. ठरावीक मर्यादेवरचे असे व्यवहार आता मतदानाला येतात, आणि संबंधित पक्षाला त्यांच्या बाजूने मत देता येत नाही. लिस्टेड कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून सेबीने यादीचा नादच अर्धा सोडला. समोरचा पक्ष नात्यातला नसला, पण व्यवहाराचा हेतू आणि परिणाम नात्यातल्याच कुणाचा फायदा करून देणं असा असेल, तर तोही व्यवहार याच नियमांत बसतो. मेहुणा मागच्या दाराने आत आला म्हणायचा. मात्र हेतू ठरवणार कंपनीची ऑडिट कमिटी.

गेल्या वर्षी माझ्या ईमेलमध्ये असा एक ठराव आला. माझ्याकडे त्या कंपनीचे चौदा शेअर आहेत. कंपनीचं नाव वापरण्याबद्दल प्रमोटर कुटुंबाच्या खासगी कंपनीला पाच वर्षं रॉयल्टी द्यायची होती. प्रमोटर बाजूला, मत आमचं. नोटिशीची अकरा पानं मी लोकलमध्ये उभ्याने वाचली, आधीच्या तीन वर्षांच्या अहवालांतले तक्ते फोनवर उघडून आकडे जुळवले आणि विरोधात मत दिलं. ठराव मोठ्या फरकाने मंजूर झाला. निकालाच्या कागदावर विरोधातल्या मतांचाही रकाना असतो, आणि त्यातल्या आकड्यात माझे चौदा धरलेले होते.