नसबंदी आणि पुरुषाची ताकद

श्रोते हो, नसबंदीचा विषय निघाला की कोणीतरी हटकून म्हणतो, "नको रे बाबा! खच्ची केलेल्या बैलासारखी गत व्हायची." या भीतीत तथ्य किती, हे पाहायला आपण पावणेदोनशे वर्षे मागे जाऊ.

१८४९ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे बर्थोल्ड या प्राध्यापकांनी सहा तरण्या कोंबड्यांवर प्रयोग केला. ज्यांचे दोन्ही वृषण काढून टाकले, त्यांचा तुरा वाढला नाही, झुंजीची खुमखुमी गेली. उरलेल्यांचे वृषणही काढले, पण एकेक वृषण पोटात सोडून दिला. हे कोंबडे मात्र ऐटीत आरवत राहिले! पुढे चिरून पाहिले, तो पोटातल्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या. म्हणजे पुरुषत्वाचा रस रक्तातून जातो, वीर्याच्या नळीतून नव्हे.

तरी माणूस चुकायचा राहिला नाही. १९२० च्या सुमारास व्हिएन्नाच्या स्टाइनाख यांनी मांडले, की ही नळी बांधली तर रस वाढतो आणि म्हातारा तरुण होतो. झाले, युरोपात रीघ लागली! १९२३ साली मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी, १९३४ साली आयरिश कवी येट्स यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. गंमत पाहा, तिकडे जिने ताकद येते म्हणून लोक धावले, तीच आपण ताकद जाते म्हणून टाळतो.

१९३५ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी सुमारे १०० किलो वळूंच्या वृषणांतून अवघा १० मिलिग्रॅम शुद्ध रस मिळवला. हाच टेस्टोस्टेरॉन. पुढे तो रक्तात मोजता येऊ लागला आणि दोन्ही समजुती खोट्या ठरल्या. नसबंदीने ताकद वाढत नाही, तशी जातही नाही.

बैल खच्ची करताना वृषणच निकामी करतात. नसबंदीत फक्त बीज नेणारी नळी बांधतात. पाटाचे तोंड बंद केले म्हणून विहीर आटत नाही, तसेच हे. मात्र शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन महिने दुसरी काळजी घ्यावी आणि वीर्य तपासून घ्यावे.

१९७६ साली आणीबाणीत झालेल्या सक्तीने माणसे दुखावली, हे विसरून चालणार नाही. त्या जखमेला विज्ञानाचे औषध चालत नाही. तिथे माणसाची राजीखुशीच हवी. पण त्या भीतीचा भार कोणावर पडला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. नवऱ्याने करून घेतल्याचे प्रमाण फक्त ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, तरी पोटावर टाके बाईच्याच!

गुरुजी, पारावर हा विषय निघाला, तर बर्थोल्डच्या कोंबड्यांची गोष्ट जरूर सांगा.