सूर्य

सूर्य : पृथ्वीला सर्वांत जवळचा तारा. सरासरी अंतर सुमारे १४.९६ कोटी किमी.; व्यास सुमारे १३.९ लाख किमी., म्हणजे पृथ्वीच्या १०९ पट. वय अंदाजे ४६० कोटी वर्षे. सूर्यमालेतील ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्यात आहे. उरलेल्या चिमूटभरात गुरूपासून आपल्यापर्यंत सगळे आले.

सूर्य ‘जळतो’ असे सर्रास म्हटले जाते, पण हे ज्वलन नव्हे. गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश से. तापमानाला, प्रचंड दाबाखाली हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा संयोग होऊन हीलियम तयार होतो आणि दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते. ही ऊर्जा दाट द्रव्यातून अडखळत पृष्ठभागी यायला हजारो वर्षे घेते. तेथून प्रकाश पृथ्वीवर पोहोचतो तो मात्र ८ मिनिटे १९ सेकंदांत. पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश से., तर खग्रास ग्रहणात दिसणारे बाहेरचे विरळ किरीट १० लाख अंशांच्याही वर. आच सोडून दूर जावे तो चटका वाढावा, असा हा उलटा प्रकार पुरता उलगडलेला नाही. २०२३ मध्ये सोडलेले भारताचे ‘आदित्य-एल१’ यान किरीटाचाही अभ्यास करते. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने घडवली आहे.

सूर्योपासना इजिप्तमधील ‘रा’पासून इंकांच्या ‘इंती’पर्यंत आढळते. मराठी घरांत ती अंगणात उतरते. रथसप्तमीला सूर्याच्या रथाची रांगोळी काढून गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यात दूध ऊतू जाईपर्यंत तापवतात. (एरवी दूध ऊतू गेले की बोलणी बसतात.) श्रावणातल्या रविवारी आदित्य राणूबाईची कहाणी वाचतात. सूर्यनमस्काराला व्यायाम म्हणून रूढ करण्यात औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा वाटा आहे.

भूमिती आणि भक्ती यांची गाठ कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात पडते. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात; गरुड मंडप, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा ओलांडत गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा हा किरणोत्सव. वर्षातून दोनदा का, याचे उत्तर दक्षिणायनाच्या अखेरीत आहे : डिसेंबरच्या २१-२२ तारखेपासून हे दोन्ही काळ मागे-पुढे साधारण सारख्याच अंतरावर पडतात, त्यामुळे सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. सूर्य खाली जातो तसा कवडसा वर चढतो आणि सारा खेळ काही मिनिटांत आटोपतो. वाटेत ढग, धुरके किंवा एखादे वाढीव बांधकाम आडवे आले, की किरण चरणांपाशीच विरतात आणि त्या दिवशीचा किरणोत्सव अपुरा झाला असे म्हणतात.