पवनऊर्जा प्रकल्पांचा स्थानिक विकास निधी

पवनऊर्जा प्रकल्पांचा स्थानिक विकास निधी म्हणजे पवनचक्क्या उभारणाऱ्या किंवा चालवणाऱ्या कंपन्यांनी प्रकल्पाच्या परिसरातील गावांना व तेथील ना-नफा संस्थांना सार्वजनिक कामांसाठी दिलेले अर्थसाहाय्य. काही युरोपीय देशांत हा निधी प्रकल्पाच्या क्षमतेवर, म्हणजे मेगावॅटवर ठरतो. भारतात तशी स्वतंत्र तरतूद नाही. येथे असे साहाय्य मुख्यतः कंपनी अधिनियम, २०१३ मधील सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) तरतुदीतून येते आणि ते कंपनीच्या नफ्याशी बांधलेले असते. या एका फरकामुळे पवनचक्कीशेजारच्या गावाचा निधीवरील हक्क अनिश्चित राहतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रात ५,००० मेगावॅटहून अधिक पवनऊर्जा क्षमता उभी आहे. सातारा, सांगली, धुळे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे तिचे जुने जिल्हे होत. अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील सुपे परिसर, कवड्या डोंगर आणि खांडके ही ठिकाणे पवनचक्क्यांसाठी ओळखली जातात. टाटा पॉवर कंपनीचा सुपे येथील प्रकल्प १७ मेगावॅटचा, तर खांडके येथील ५०.४ मेगावॅटचा आहे. जिल्ह्याचा हा भाग अवर्षणप्रवण आहे. पाणलोट विकासासाठी देशभर नाव झालेले राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यातच आहे. त्यामुळे येथे कोणत्याही निधीची चर्चा बंधारे, पाझर तलाव आणि पिण्याचे पाणी यांच्याकडे लवकर वळते.

पुणे मार्गावरील केडगाव हे अहिल्यानगर शहराचे उपनगर असून ते महानगरपालिकेच्या हद्दीत येते. पवनचक्क्या मात्र ग्रामीण भागातील माळ-डोंगरांवर आहेत. केडगावातील एखादे वाचनालय किंवा महिला संस्था सुपे वा खांडके येथील प्रकल्पाच्या दृष्टीने ‘स्थानिक’ ठरते काय, याचे उत्तर कायद्यात मिळत नाही, कारण ‘स्थानिक क्षेत्र’ या शब्दांची व्याख्याच त्यात दिलेली नाही. अर्थ लावण्याचे काम कंपनीवर सोपवलेले आहे.

कायदेशीर चौकट

कंपनी अधिनियमाचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. लगतच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही हे कलम सांगते. मात्र केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मधील खुलाशात हे प्राधान्य मार्गदर्शक स्वरूपाचे असल्याचे म्हटले आहे. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेला खर्च यात धरता येत नाही. पवनचक्कीचे पाते आणि मनोरा डोंगरावर नेण्यासाठी केलेला रस्ता गावाला उपयोगी पडला, तरी तो व्यवसायाचाच खर्च होय.

निधी कोणत्या संस्थेमार्फत खर्च करता येतो, याच्या अटी अधिक कडक आहेत. संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कलम ८ खालील कंपनी असावी लागते. सर्वसाधारणपणे तिच्याकडे आयकर अधिनियमातील १२-अ आणि ८०-जी या नोंदण्या, तसेच अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ या अर्जाद्वारे मंत्रालयाकडे नोंदणी करणेही आवश्यक झाले. धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदलेल्या गावोगावच्या तरुण मंडळांपैकी व भजनी मंडळांपैकी फार थोडी या कसोटीला उतरतात. महिला बचत गट बहुधा नोंदणीकृत न्यास नसतो, म्हणून त्याला निधीचा लाभार्थी होता येते, पण राबवणारी संस्था होता येत नाही. परिणामी निधी एखाद्या मोठ्या संस्थेकडे किंवा कंपनीच्या स्वतःच्या प्रतिष्ठानाकडे जातो. सुझलॉन प्रतिष्ठान (स्थापना २००७) आणि टाटा पॉवर कम्युनिटी डेव्हलपमेंट ट्रस्ट ही अशा रचनेची उदाहरणे होत. यांत काही गैर नाही, पण कामाची निवड गावाबाहेर होण्याची शक्यता वाढते.

विखुरलेली मालकी

महाराष्ट्रातील जुन्या पवनचक्क्यांची मालकी हा या विषयातील दुर्लक्षित भाग आहे. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी ८० टक्क्यांपर्यंत घसारा दाखवण्याची करसवलत २०१२ पर्यंत होती. ती २०१४ मध्ये पुन्हा मिळाली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. या सवलतीसाठी ऊर्जाक्षेत्राशी संबंध नसलेल्या अनेक उद्योगांनी एक-दोन किंवा दहा-वीस पवनचक्क्या विकत घेतल्या, तर देखभाल उत्पादक कंपनीकडेच राहिली. एकाच पठारावर अशा अनेक मालकांच्या पवनचक्क्या असू शकतात. यांतील काहींना कलम १३५ लागूच होत नाही. ज्यांना लागू होते, त्यांच्यासाठी पवनचक्की हा व्यवसायाचा लहानसा भाग असतो आणि ‘स्थानिक क्षेत्र’ म्हणजे त्यांचा कारखाना. ग्रामसभेने अर्ज करायचा कोणाकडे, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

कर आणि निधी

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ अन्वये ग्रामपंचायती इमारती व जमिनींवर कर आकारतात. करातून मिळणारी रक्कम ही हक्काची वसुली आहे, अनुदान नव्हे. त्याचप्रमाणे जमीनमालकाला मिळणारी किंमत किंवा भाडे हाही खासगी व्यवहार आहे. अशा व्यवहारांभोवती गैरप्रकारांच्या तक्रारीही झाल्या आहेत. बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीला ते आड आल्याने ही हत्या झाली, असा आरोप तपास यंत्रणेने दोषारोपपत्रात ठेवला आहे.

इतर देशांतील पद्धती

स्कॉटलंड सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जमिनीवरील पवनऊर्जा प्रकल्पाने दर मेगावॅटमागे दरवर्षी ५,००० पौंड, तेही महागाईशी निगडित, स्थानिक समाजाला द्यावेत अशी अपेक्षा असते. हे बंधनकारक नसले तरी रूढ झाले आहे. ही रक्कम बहुधा स्थानिक रहिवाशांच्या समितीमार्फत सभागृहे, क्रीडा मंडळे, वृद्धसेवा अशा संस्थांना वाटली जाते. केवळ तुलनेसाठी पाहिले, तर खांडकेच्या ५०.४ मेगावॅटला याच दराने वर्षाला २,५२,००० पौंड होतात, मग मालकाचा नफा कितीही असो. डेन्मार्कने २००८ च्या कायद्याने नव्या प्रकल्पातील किमान २० टक्के हिस्सा स्थानिक रहिवाशांना विकत घेण्यासाठी खुला ठेवण्याची अट घातली. दर मेगावॅटमागे ८८,००० क्रोनर परिसराच्या कामांसाठी उपलब्ध करून देणारी योजनाही त्याच कायद्यात होती.