पिझ्झ्याची भट्टी आणि साखळीचें दुकान

इसवी सन २०१५ मध्यें इटलीच्या मिलान शहरांत पिझ्झ्याचें एक नवें दुकान उघडलें. यांत नवल करण्याजोगें कांहीं नव्हतें. त्या देशांत पिझ्झ्याचीं दुकानें हजारोंनीं मोजावीं लागतात. नवल होतें तें मालकीचें. हें दुकान डॉमिनोज या अमेरिकन साखळीचें होतें. ज्या देशानें हा पदार्थ जगाला दिला त्याच देशांत तो विकावयास समुद्रापलीकडील कंपनीनें यावें, हा प्रकार काशीस गंगोदक विकावयास नेण्यासारखाच होता. तरीही तेथील व्यवहार पाहणाऱ्या पेढीची उमेद मोठी होती. कालांतरानें ८८० दुकानें उघडण्याचा तिचा मनोदय होता. प्रत्यक्षांत तीसएक दुकानें झालीं, आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत तीं सारीं बंद पडलीं.

ही वार्ता जगभर पसरली तेव्हां अनेकांनीं तिचा अर्थ असा केला कीं, इटालियन जिभेनें परक्या पिझ्झ्यास नाकारलें आणि हस्तकौशल्यापुढें यंत्राची हार झाली. हा निष्कर्ष ऐकावयास गोड आहे. परंतु तो अर्धाच खरा आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग समजून घ्यावयाचा तर या पदार्थाच्या मागील दोन शतकांच्या प्रवासाकडे वळलें पाहिजे.

नेपल्स हें दक्षिण इटलींतील समुद्रकांठचें, दाट वस्तीचें शहर. पिझ्झा हें तेथील गोरगरिबांचें अन्न. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा हा १८३५ सालीं तेथें गेला होता. आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें या पदार्थाची नोंद करून ठेविली आहे. वरून साधा दिसणारा हा पदार्थ तेल, चरबी, चीज, टोमॅटो, लहान मासळी यांच्या योगानें नाना रूपें घेतो, आणि बाजारांत कोणता जिन्नस महागला व कोणता स्वस्त झाला हें पिझ्झ्याच्या किंमतीवरून समजतें, असें त्याचें निरीक्षण होतें. नेपल्समध्यें उधारीचीही एक रीत रूढ होती. आज खावें आणि आठव्या दिवशीं पैसे द्यावे. ही रीत लहानशी दिसते. परंतु गिऱ्हाइकाचें घर, त्याची मजुरी, त्याची दानत ज्या दुकानदारास ठाऊक असेल त्यालाच ती पाळतां येते. स्वतंत्र पिझ्झेरियाचें मूळ हें असें शेजारधर्मांत आहे. १८८९ सालीं राणी मार्गेरिता हिच्यासाठीं एका कारागिरानें तांबडा, पांढरा व हिरवा असा तिरंगी पिझ्झा केला, ही कथा सर्वश्रुत आहे. इतिहाससंशोधकांनीं तिच्याविषयीं शंका घेतलेल्या आहेत. राणीनें पसंती दिली असो वा नसो, पिझ्झ्याला पोसलें तें गल्लींतील मजुरानें.

नेपल्सचा पिझ्झा पातळ असतो. युरोपियन संघानें २०१० सालीं या पद्धतीच्या नांवास कायद्याचें संरक्षण दिलें, त्या वेळीं तिचीं मापेंही नमूद झालीं. व्यास फार तर ३५ सेंटिमीटर. मध्यभागीं जाडी सुमारें ४ मिलिमीटर. सभोंवतीं फुगलेला कांठ १ ते २ सेंटिमीटर. लाकडाच्या भट्टींत सुमारें ४८५ अंश सेल्सिअस उष्णतेंत तो ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. हे आंकडे रुक्ष वाटतील. परंतु साऱ्या वादाचें मर्म यांतच आहे. इतकी पातळ पोळी इतक्या आंचेंत टाकली म्हणजे चूक सुधारण्यास अवसर उरत नाहीं. पीठ किती आंबलें, हवेंत दमटपणा किती, भट्टीची कोणती बाजू अधिक तापली, याचा निर्णय कारागिरानें डोळ्यांनीं व हातांनीं करावयाचा असतो. लांब दांड्याच्या उलथन्यानें पोळी फिरविण्यास पांच सेकंद उशीर झाला तर कांठ करपतो. पांच सेकंद घाई झाली तर मध्य कच्चा राहतो. हें ज्ञान पुस्तकांतून येत नाहीं. मुलगा बापाच्या शेजारीं वर्षानुवर्षें उभा राहतो तेव्हां तें येतें.

१८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारें ४० लक्ष इटालियन लोक अमेरिकेस गेले. त्यांतील बहुतेक दक्षिणेकडचे व निर्धन होते. त्यांच्यापाशीं भांडवल नव्हतें. हातांतील कसब होतें. न्यूयॉर्कच्या स्प्रिंग स्ट्रीटवरील जेन्नारो लोंबार्डी याचें १९०५ सालचें दुकान हें अमेरिकेंतील आद्य पिझ्झेरिया, असें परंपरेनें मानलें जातें. १९२५ सालीं फ्रँक पेपे यानें कनेक्टिकट राज्यांतील न्यू हेवन येथें आपली भट्टी पेटविली. हा नेपल्सच्या दक्षिणेकडील मायोरी गांवचा. १९०९ मध्यें अमेरिकेंत आलेला. त्याच्या भाच्यानें १९३८ सालीं त्याच रस्त्यावर दुसरें दुकान काढलें. मामा-भाच्यांच्या या दोन दुकानांत श्रेष्ठ कोण, हा वाद न्यू हेवनमध्यें पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. या भट्ट्यांत लाकडाऐवजीं दगडी कोळसा आला. पोळी पातळच राहिली, पण अधिक कुरकुरीत झाली, आणि तिच्या कडेवरचे काळे डाग हें तेथील रसिकांचें भूषण ठरलें. देश बदलला, इंधन बदललें. हाताची विद्या मात्र कायम राहिली.

साखळीचा उदय झाला तो या इटालियन वस्त्यांपासून शेंकडों मैल दूर. १९५८ सालीं कॅन्सस राज्यांतील विचिटा येथें डॅन व फ्रँक कार्नी या दोघां विद्यार्थी-बंधूंनीं आईकडून ६०० डॉलर उसने घेऊन पिझ्झा हट हें दुकान काढलें. दोनच वर्षांनीं मिशिगन राज्यांतील इप्सिलँटी येथें टॉम व जेम्स मोनॅहन या बंधूंनीं एक लहानसें दुकान विकत घेतलें. जेम्सनें लौकरच आपली भागी एका फोक्सवॅगन मोटारीच्या बदल्यांत भावास देऊन टाकली. १९६५ सालीं त्या धंद्याचें नांव डॉमिनोज असें झालें. या चौघांपैकीं कोणाच्याही घरीं पिझ्झ्याची परंपरा नव्हती. तीच त्यांची अडचण, आणि तेंच त्यांचें बळ. जें ज्ञान बापाकडून मिळालें नव्हतें तें त्यांना नियमांत बसवावें लागलें. आणि नियमांत बसलेलें ज्ञान कोणालाही, कोठेंही, थोडक्या दिवसांत शिकवितां येतें. पीठ मध्यवर्ती कोठारांत मळावयाचें, तेथून दुकानोदुकानीं पाठवावयाचें. चीज मोजून घालावयाचें. पिझ्झा सरकत्या पट्ट्यावर ठेवून यंत्रांतून ठरलेल्या मिनिटांत बाहेर काढावयाचा. कारागिराच्या डोळ्यांची जागा अशा रीतीनें घड्याळानें घेतली.

या पद्धतीस तुच्छ लेखणें न्यायाचें होणार नाहीं. ज्या गांवीं इटालियन मनुष्य कधीं फिरकला नव्हता तेथें तिनें हें अन्न नेलें. रात्रपाळीच्या कामगारास, वसतिगृहांतील विद्यार्थ्यास, दिवसभर राबून थकलेल्या गृहिणीस तिनें दाराशीं गरम जेवण आणून दिलें. अनोळखी शहरांत उतरलेल्या प्रवाशास, आपल्या पुढ्यांत काय येणार हें आधींच ठाऊक असण्याचा दिलासा तिनें दिला. डॉमिनोजनें तर अर्ध्या तासांत पिझ्झा पोंचविण्याची हमी दिली होती. पुढें पिझ्झा घेऊन धांवणाऱ्या मोटारींच्या अपघातांवरून खटले उभे राहिले, आणि १९९३ सालीं अमेरिकेंत ती हमी मागें घ्यावी लागली. घड्याळाला कारागिराच्या जागीं बसविलें म्हणजे त्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते, हें त्या प्रसंगानें दाखविलें.

आतां पातळ पोळीचा प्रश्न. पातळ पोळी ही साखळीची खरी कसोटी आहे. तव्यावरून उतरलेला फुलका लगेच पानांत पडला तर त्याची गोडी कांहीं और असते; तोच डब्यांत घालून तासाभरानें उघडला तर वाफेनें ओला होऊन चिवट झालेला असतो. पिझ्झ्याचेंही तसेंच आहे. पुठ्ठ्याच्या पेटींत कोंडलेली वाफ पातळ पोळीस मऊ करून टाकते. यावर साखळीनें दोन उपाय योजिले. एक, पोळी जाड करून पसरट कढईंत तेलावर भाजणें. अशी पोळी प्रवास सोसते आणि शिकाऊ हाताच्या चुकाही पोटांत घालते. दुसरा, पातळ पोळी बिस्किटासारखी कडक करणें, म्हणजे ती वांकत नाहीं. दोन्ही प्रकार आपापल्या जागीं रुचकर आहेत. परंतु नेपल्सची पोळी मऊ, लवचिक व क्षणभंगुर असते. ती भट्टीपासून पंधरा पावलांच्या आंतच आपल्या खऱ्या स्वरूपांत राहते.

ही पार्श्वभूमि ध्यानांत घेतली म्हणजे मिलानच्या कथेचा उलगडा होतो. अमेरिकन साखळी इटलींत शिरली ती चवीच्या बळावर नव्हे. घरपोंच सेवेची शिस्तबद्ध व्यवस्था त्या काळीं इटालियन दुकानांत फारशी नव्हती, आणि ती उणीव भरून काढावी असा तिचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. परंतु २०२० सालीं करोनाची साथ आली. उपाहारगृहांचीं दारें बंद झालीं. जगावयाचें असेल तर पिझ्झा गिऱ्हाइकाच्या घरीं पोंचविलाच पाहिजे, अशी पाळी गल्लींतील लहान पिझ्झेरियावरही आली. आणि फोनवरून मागणी घेऊन माल पोंचविणाऱ्या नव्या कंपन्यांच्या साह्यानें त्यांनीं तें साधलें. साखळीचें जें एकमेव वैशिष्ट्य होतें तें अशा रीतीनें सर्वांचें झालें. मग पेटी उघडल्यावर आंत काय आहे एवढाच प्रश्न उरला. आणि त्या प्रश्नाचें उत्तर इटालियन मनुष्यास लहानपणापासून पाठ होतें. पेढीस कर्ज झालें होतें. व्यवसाय बंद करावा लागला. कारागिरी जिंकली हें खरें. परंतु ती जिंकली प्रतिपक्षाचें शस्त्र उचलल्यानंतर.

म्हणून स्वतंत्र दुकानांनीं निर्धास्त राहावें असें नाहीं. त्यांच्या मर्मस्थानीं दुसरेंच शल्य आहे. साखळीस मरण नसतें. एक नोकर गेला तर दुसरा येतो. भट्टीचा धनी मात्र म्हातारा होतो. मुलानें दुसरी वाट धरली, घरभाडें वाढलें, कीं शंभर वर्षांची विद्या एका रात्रींत विझते. लोंबार्डीचें दुकान १९८४ सालीं बंद पडलें होतें. दहा वर्षांनीं तें जवळच्या दुसऱ्या जागेंत पुन्हां उघडलें, हें त्याचें सुदैव. नेपल्समध्यें १९८४ सालींच कारागिरांनीं आपला संघ स्थापून पद्धतीचे नियम लिहून काढले. २०१७ सालीं युनेस्कोनें नेपल्सच्या या कलेस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें, त्या वेळीं शहरांत सुमारें ३,००० पिझ्झा-कारागीर असल्याचें नमूद झालें. न्यू हेवनच्या पेपे घराण्यानें वेगळाच मार्ग चोखाळला. २००६ सालीं त्यांनीं फेअरफील्ड गांवीं पहिली शाखा काढली, आणि मूळ भट्टीबरहुकूम तेथें नवी भट्टी बांधविली. पुढें शाखा वाढत जाऊन इतर राज्यांतही गेल्या. म्हणजे एके काळचें स्वतंत्र दुकान आज स्वतःच पातळ पिझ्झ्याची साखळी झालें आहे. विटा तशाच रचतां आल्या; त्या भट्टीपुढें उभा राहणारा मनुष्य मात्र प्रत्येक शाखेंत नव्यानें घडवावा लागतो. जुने न्यू हेवनकर अजूनही मूळ दुकानापुढेंच रांग लावतात.

भारतांत हा क्रम नेमका उलटा झाला. १९९६ च्या जानेवारींत डॉमिनोजचें पहिलें दुकान दिल्लींत, आणि त्याच वर्षीं पिझ्झा हटचें बंगळुरांत उघडलें. मुंबई-पुण्यांतील कांहीं थोड्या हौशी दुकानांचा अपवाद सोडला तर बहुसंख्य कुटुंबांस या पदार्थाची ओळख साखळीनेंच करून दिली. आंगठ्याएवढ्या जाडीची पोळी व भरपूर चीज हीच येथें पिझ्झ्याची व्याख्या ठरली. २०२४ पर्यंत एकट्या डॉमिनोजचीं भारतांत २,००० हून अधिक दुकानें झालीं. लाकडाच्या भट्टींतला पातळ पिझ्झा देणारीं स्वतंत्र दुकानें मोठ्या शहरांत आलीं तीं मागाहून. आणि कडेवरचे काळे डाग पाहून पिझ्झा करपला म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची समजूत घालणें हें त्यांचें पहिलें काम होऊन बसलें. तीच साखळी एका देशांत हरली व दुसऱ्या देशांत घरोघर पोंचली. फरक साखळींत नव्हता. तो खाणाराच्या मनांतील मापांत होता.

याच मापानें ज्वारीची भाकरी, पुरणाची पोळी व ओल्या नारळाची करंजी यांचेंही भवितव्य ठरावयाचें आहे. बंद पुड्यांतून विकत मिळणारी पुरणपोळी वाईट असते असें नाहीं. ज्यास वेळ नाहीं त्याचा सण ती साजरा करते. परंतु तव्यावर तुपांत फुगलेली पोळी ज्या मुलानें एकदांही खाल्ली नाहीं त्याला दोहोंतील भेद कोणी सांगून समजणार नाहीं. नेपल्सच्या कारागिरास कायद्यानें व युनेस्कोनें मान दिला. पण मिलानच्या गल्लींत त्याचें दुकान राखलें तें ज्यांच्या जिभेला फरक कळत होता अशा शेजाऱ्यांनीं.