गादी भरते की कळ थांबते?

गुडघ्याची गादी झिजली की वाटी बदलण्यावाचून गत्यंतर नाही, या धास्तीत असलेल्यांच्या कानावर हल्ली एक आश्वासन पडते: जनुकोपचाराने कूर्चा पुन्हा उगवेल. या समजाला बळ दिले ते दक्षिण कोरियात २०१७ साली मंजूर झालेल्या ‘इनव्होसा’ इंजेक्शनने. त्याच्या १६३ रुग्णांवरील चाचणीत वर्षभराने दुखणे कमी झाले, हालचाल सुधारली. मग झीज भरून निघाली, असे का म्हणू नये?

म्हणू नये, कारण त्याच चाचणीच्या एमआरआयमध्ये कूर्चा सुधारल्याचा निर्णायक फरक आढळला नाही. कूर्चेत मज्जातंतूच नसतात. दुखते ते सांध्याचे अस्तर आणि खालचे हाड. तेव्हा कळ थांबली एवढ्यावरून गादी भरली हे सिद्ध होत नाही. वर्षभराचा काळ अपुरा होता, असा बचाव होईल. पण प्रौढ वयात कूर्चेतले कोलॅजेन जवळजवळ बदलतच नाही. मग ते तयार होण्याआधीच थांबलेल्या कळेचे श्रेय त्याला कसे द्यायचे?

२०१९ मध्ये तर भलतेच उघड झाले. इंजेक्शनातल्या साध्या कूर्चापेशी खऱ्या होत्या. जनुक वाहणाऱ्या पेशी मात्र कूर्चेच्या नव्हत्याच, त्या मूत्रपिंडापासून निघालेल्या वाणाच्या! मंजुरी रद्द झाली. शिवाय जनुक वाहणाऱ्या या पेशी वाढू नयेत म्हणून त्यांच्यावर किरणोत्सर्गाचा मारा केलेला असे. म्हणजे त्या गवंडी नव्हत्याच.

एवढ्यावरून जनुकोपचारच थोतांड ठरवणाऱ्यांशीही माझे जमत नाही. साधे औषध सांध्यात टोचले की बहुधा काही तासांत, फार तर दिवसांत निघून जाते. जनुक घातले तर सांधा ते औषध स्वतःच बनवू शकतो. ख्रिस्तोफर इव्हान्स आणि पॉल रॉबिन्स यांच्या पिट्सबर्गमधील गटाने १९९६ साली हेच आरंभले. आमवाताच्या ज्या नऊ स्त्रियांच्या बोटांचे सांधे बदलायचेच होते, त्यांत दाह रोखणाऱ्या प्रथिनाचे जनुक घातलेल्या पेशी सोडल्या. आठवड्याने काढलेल्या सांध्यांत ते जनुक कार्यरत आढळले. पुढे मेयो क्लिनिकमध्ये इव्हान्स यांच्याच गटाने निरुपद्रवी विषाणूवाटे ते गुडघ्यांत पोचवले. वर्षभरानंतरही सांध्यातल्या द्रवात प्रथिनाची पातळी वाढलेली होती. ही चाचणीही नऊच रुग्णांची आणि मुख्यतः सुरक्षितता तपासणारी. कूर्चा उगवते का, हा प्रश्न तिने हाती घेतलाच नव्हता.