शिवाजी चौकातल्या दोघी

कोल्हापुरात आनंद झाला की माणसं शिवाजी चौकात जमतात. भारतानं क्रिकेटचा सामना जिंकला की गुलाल, हलगी, मोटारसायकली, सगळं तिथंच. आंदोलनाच्या घोषणाही तिथंच. आपण बायका मात्र बाजाराची पिशवी सांभाळत कडेकडेनं निघून जातो. या चौकाचा इतिहास पाहिला तर याचं नवल वाटतं.

छत्रपतींचा पुतळा आज आहे, तिथं पूर्वी एका इंग्रजाचा पुतळा होता. लेस्ली विल्सन त्याचं नाव. १९२३ ते १९२८ या काळात तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. कोल्हापूर तेव्हा संस्थान. गादीवर आपले महाराज, पण भर चौकात मान गव्हर्नरचा. येता-जाता लोकांनी ते बघायचं.

१९४२ साली 'चले जाव'ची हाक आली. त्याच वर्षी जयाबाई हविरे आणि भागीरथीबाई तांबट या दोघींनी तो पुतळा विद्रूप केला. विचार करा, पोलिसांचा पहारा, पकडलं तर तुरुंग, आणि घरी-दारी काय बोलतील ते वेगळंच. आजही एखादीला बचत गटाच्या बैठकीला रात्री आठपर्यंत थांबायचं तर घरी चारदा सांगावं लागतं. त्या दोघी काय सांगून बाहेर पडल्या असतील?

पुढं क्रांतिकारकांनी विल्सनचा पुतळा फोडलाच. मग सिनेमावाले भालजी पेंढारकर यांनी पुढाकार घेतला, चित्रकार बाबूराव पेंटर यांनी शिवाजी महाराजांचा पुतळा घडवला आणि १९४५ साली तो त्याच जागी बसला. देश स्वतंत्र व्हायला अजून दोन वर्षं होती, हे ध्यानात घ्या.

भालजी, बाबूराव ही नावं कोल्हापुरात कुणालाही विचारा. आमच्या गटात मात्र जयाबाई-भागीरथीबाई बारा जणींपैकी एकीलाच ठाऊक होत्या, तेही आजीकडून ऐकून. बाकीच्या म्हणाल्या, "ताई, हे शाळेत का नाही शिकवलं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी बी.ए. झाले, मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हाच्या लहान मुली आज ऐंशीच्या पुढं आहेत. तुमच्या गल्लीत अशी कुणी आजी असेल तर या आठवड्यात तिच्याजवळ जाऊन बसा. चौकाबद्दल विचारा आणि सांगेल ते गटाच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर, तारीख घालून लिहून ठेवा.