ईगर, हौस आणि हवस

आजचा शब्द ‘ईगर’. आम्हा कोडिंगवाल्यांना तो रोज भेटतो: लागायच्या आधीच डेटा आणून ठेवला की ‘ईगर लोडिंग’. मूळ लॅटिनमध्ये अर्थ ‘धारदार’, फ्रेंचमध्ये ‘आंबट’. व्हिनेगरमधला ‘एगर’ तोच बरं का!

मराठीत पुस्तकी शब्द ‘उत्सुक’. पण उत्सुक माणूस नुसती वाट बघतो. हौस असलेला खिशात हात घालतो. म्हणून मला ‘हौस’च जवळची वाटते. ही मूळची अरबी ‘हवस’, फारसीतून आपल्याकडे आली.

आता गंमत ऐका. 1948 पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात, सरकारी कारभार उर्दूत. आजही आपल्या बाजारात मराठी-उर्दू दोन्ही कानावर पडतात. मराठीत ‘लेकीच्या लग्नाची हौस’ म्हटलं तर कौतुक होतं. उर्दूत ‘हवस’ म्हणजे हाव, वासना. शब्द एकच, पण उर्दूतली हवस लग्नघरात काढून बघा!

नाटकातला ‘हौशी’ म्हणजे इंग्रजी ‘अमॅच्युअर’, त्याच्या मुळाशी प्रेम. आणि रिझ्युमेतलं ‘ईगर टू लर्न’? तिथं मात्र ‘शिकायची हौस’ लिहू नका, एचआरला वाटेल हा पगार नको म्हणतोय.